चमचाभर प्रसाद

मुलुंड, बुधवार, १२ मार्च १९८६, संध्याकाळ

वजन उतरावं म्हणून ऑपरेशनने जठर लहान करून घेतलं, त्याला चार महिने झाले. एका वेळी अर्धी वाटी, ही डॉक्टरांची ताकीद. आज शेजारच्या सत्यनारायणाला शिऱ्याचे तीन द्रोण संपवले. तीन! आता पोटात कळ येतेय. आतले टाके उसवले तर?

"बाई, प्रसादाला नाही म्हणू नये हं," म्हणे कुंदा. शेजारीण कसली, वैरीण! पण तिने एकच द्रोण दिला. उरलेले दोन तिची पाठ वळल्यावर मीच उचलले ना?

डॉक्टरांना फोन केला.

"काय खाल्लंत?"

"चमचाभर प्रसाद."

"मग घाबरू नका."

त्या धीराचा काय उपयोग? नन्सच्या शाळेत शिकलेली मी, साठीत खोटं बोलते! पुन्हा फोन लावते. तीन द्रोण, असंच सांगणार. रागावले तर रागावू देत. मला मरायचं नाही.