चौथीच्या वर्गातला रोबो

बाई, डोंबिवलीच्या आपल्या शाळेत, चौथीच्या वर्गात तुम्ही ती पत्र्याची पेटी उघडलीत, तो दिवस आज सारखा आठवतोय. तुमचे यजमान वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात होते. तिथल्या भंगारातून त्यांनी भोकांच्या पट्ट्या, चाकं आणि सेलवर फिरणाऱ्या मोटारी निवडून आणल्या होत्या. त्यातून आम्ही एक गाडी केली. भिंतीला टेकली की पुढचं बटण दाबलं जाऊन ती मागे यायला हवी होती. आम्ही तिला रोबो म्हणायचो. पण कित्येक दिवस ती नुसतीच भिंतीशी घरघरत राहायची. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "बाई, तुम्हीच सांगा ना." तुम्ही म्हणालात, "मला येतंय असं तुला कोणी सांगितलं? एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि काय होतं ते बघ." तसं करत गेलो, आणि ती एकदाची मागे यायला लागली.

मग शाळेकडे पालकांच्या तक्रारी गेल्या. स्कॉलरशिपचं वर्ष, आणि मुलं स्क्रू पिळत बसलीत. मुख्याध्यापकांनी पेटी बंद करायला सांगितली. तुम्ही वर्गात आलात, आणि आमच्यापासून काही न लपवता म्हणालात, "सरांना वाटतं यात तुमचा वेळ जातो. मला वाटतं तुम्ही यातून विचार करायला शिकता. पण मला ते त्यांना पटवून देता आलं नाही." मोठं माणूस मुलांसमोर असं बोलतं, हे मला नवीन होतं. "मग त्यांना दाखवू या ना," मी म्हटलं.

सर आले. गाडी भिंतीला टेकून नीट मागे आली. त्यांनी मध्ये खुर्ची ठेवली. गाडी खुर्चीच्या पायाला अडली आणि तिथेच घरघरत राहिली. "बघा," सर म्हणाले. तुमचा चेहरा उतरला, पण तुम्ही पुढे झाला नाहीत. मी वाकून बघत राहिले. "सर, भिंत रुंद आहे, पाय बारीक. तो बटणाच्या बाजूला लागतोय. पुढे आडवी पट्टी लावली तर कुठेही लागला तरी बटण दबेल." पट्टी लावली, गाडी मागे आली. सरांनी खुर्ची उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "शनिवारी, शाळा सुटल्यावर. अभ्यास सांभाळून."

तुम्ही मला शाबासकी दिली नाहीत. "खुर्ची ठेवून बघायचं आपल्याला का नाही सुचलं, याचा विचार कर," एवढंच. मला राग आला होता.

तुम्ही हे जग सोडून गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. नंतर नौपाड्यात जुनी मैत्रीण भेटली, तिच्याकडून कळलं. आता ठाण्यातल्या एका शाळेत मी मुलांना रोबोची तयार किट देते. त्यातली जोडणी दाखवणारी चित्रांची पुस्तिका आधीच काढून घेते.

हे पत्र पाकिटात घालून वर नाव लिहायला घेतलं, तर हात थांबला. तुमचं पूर्ण नाव मला माहीत नाही, बाई. कधी विचारलंच नव्हतं.