बाण भिंतीतून गेला

आत्याबाई, तुमची भिंत पाडली. मीच पाडायला लावली, उगी दुसऱ्या कुणाला बोल लावू नका. दोन लेकांच्या वाटण्या झाल्या तवा अंगणाच्या मधोमध दगडमातीची ही भिंत घालून तुमी मला, थोरल्या सुनेला, बजावलं होतं, "हिला भोक पाडशील तर माझं मेलेलं तोंड बघशील." ते तर बघून झालं. तुमी होता तवाच धरणी हलली, गावातली घरं बसली, ही तेवढी उभी राहिली. तुमी म्हणालात, बघा, देवालाबी वाटणी मान्य हाय.

आता माझी नात लातूरला नकाशाचं काम करते. मागच्या महिन्यात फोनवर वरून दिसणारं सगळं गाव घेऊन आली. भूकंप आला तर कोणत्या घरातून कुठं पळायचं, त्याचे बाण काढलेले. भिंतीपल्याडच्या जाऊच्या घरातला बाण सरळ आपल्या अंगणातून शाळेच्या मैदानावर गेलेला. मी म्हणलं, "बाई, तुझी माणसं काय भिंतीतून पळायलेत?" तिनं डोक्याला हात लावला. आभाळातून दोन्ही अंगणं एकच दिसतेत म्हणे. बाण बोळातून फिरवला, तर बोळाच्या दोन्ही अंगाची जुनी माळवदाची घरं फोनवर लाल झाली, म्हंजे धोक्याची. ती पडली की बोळ बंद, अन् आत अडकणार माझी जाऊ अन् बाजेवरून न उठणारा तुमचा धाकटा लेक. पोर दुसरी वाट हुडकायला लागली. मी म्हणलं, "बाण राहू दे होता तिथं. भिंत काढू."

आपले भाऊबंद अडले, पहिली पहार जाऊच्या बाजूनं लागावी म्हणून. तोंड वाजवत बसले तोवर मी पहार घातली.

काल भूकंपात पळायचा सराव झाला. देवळातली घंटा वाजली अन् पोरांनी दिराला बाजेसकट उचलून आपल्या अंगणातून नेलं. मैदानात सगळ्यांच्या आधी ते पोचले. जाऊ धापा टाकत म्हणली, "एवढ्याशा वाटेला एवढी वर्सं लागली व्हय?" मी म्हणलं, "तुझेच पाय जड." नातीनं फोन दाखवला, आपला बाण हिरवागार. आत्याबाई, मी जिंकले.

तुमच्या गावाला टपाल जात न्हाई, हा कागद चुलीतच जाईल. म्हणून सांगते. भिंतीच्या जागी कुडाचं फाटक लावायचं ठरलं होतं. मी नको म्हणलं. कारण विचारलं तर वाट मोकळी पायजे म्हणून सांगितलं. खरं म्हणजे जाऊ आता सकाळी हाक न मारता चहाला येऊन बसते. उशीर झाला की माझी मान तिकडं वळते. तिला हे कळू दिलं न्हाई.