ईटचा खवा कुठं आंबतो

॥ श्री ॥
ईट, ता. भूम
२१ ऑगस्ट १९६४

चि. शामला हीस बाबांचे अनेक आशीर्वाद, आणि तुझ्या आईचे त्याहून एक जास्त. (हे तिनं शेजारी बसून लिहून घेतलं.)

पिंपरीच्या औषध कारखान्यात, तपासणी खात्यात तुला कायम केलं, ही खबर मी शाळेत, पारावर आणि एस्टीत सांगितली. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितली.

इकडं मात्र माझी इभ्रत आंबत चालली आहे. मास्तरकी संपल्यापासून गावच्या खवा मंडळीचा मी चेअरमन. आपला खवा एस्टीच्या टपावरून तुळजापूरला महालिंगप्पा पेढेवाल्याकडं जातो. अलीकडं त्यातली एखादी टोपली आंबलेली निघते. त्यानं निरोप धाडला आहे, की असंच चाललं तर नवरात्राचा माल तो दुसरीकडून घेणार. नवरात्र हातचं गेलं तर भट्टी बंदच पडेल, आणि अर्ध्या गावानं दूध कुठं न्यावं?

गुन्हेगार मला सापडला आहे. मथुराबाई. भट्टीवर जुनी खवा आटवणारी. वय झालं, कढईपाशी डुलकी घेत असणार. तिला घरी बसवावं म्हणतो. तुझी आई यावर माझ्याशी बोलत नाही, नुसतं ताट आपटते. तुमच्या कारखान्यात खवा टिकायची एखादी पूड असेल तर चिमूटभर टपालानं धाड.

तुझा,
बाबा

॥ श्री ॥
पिंपरी
२८ ऑगस्ट १९६४

तीर्थरूप बाबांस शामलाचा वाकून नमस्कार. आईलाही, ताटाला धक्का न लावता.

पूड धाडली तर तुम्हाला आणि मला पोलिसांच्या एकाच गाडीतून नेतील. तो विचार सोडा.

आमच्याकडं औषधाचा एक घाणा, म्हणजे एका वेळी बनलेला माल, बिघडला, तेव्हा पहिल्या दिवशी मीही विचारलं होतं, कुणी केलं? आमचे साहेब म्हणाले, तो प्रश्न शेवटी. आधी विचार, कुठं बिघडलं? माणूस बदलला आणि बिघाड तिथंच राहिला, तर नवा माणूसही तेच करतो. म्हणून आम्ही प्रत्येक घाण्यावर खूण करतो, म्हणजे बिघडलेला माल उलट पावली शोधत जाता येतं. आणि काही बदलायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदलतो.

तुम्ही टोपल्यांना रंगीत दोरे बांधा, प्रत्येक कढईचा रंग वेगळा. कुठली आंबली ते महालिंगप्पांना कळवायला सांगा. तोवर मथुराबाईंना काही बोलू नका. लहानपणी त्यांच्या कढईची खरवड खाऊन मी वाढले आहे.

लोभ आहेच, तो खव्यापेक्षा जास्त दिवस टिको.
शामला

॥ श्री ॥
ईट
१२ सप्टेंबर १९६४

चि. शामलास आशीर्वाद, थोडे कडक.

तुझे दोरे बांधले. लाल मथुराबाईचा, हिरवा धोंडीबाचा, पिवळा दगडाबाईचा. पहिल्याच खेपेला निरोप आला: लाल आंबली. मी म्हणालो, झाला निकाल! पंचांसमोर तिला सांगितलं, बाई, आता घरी आराम करा. तिनं उलथनं खाली ठेवलं आणि म्हणाली, मास्तर, म्या जलमभर हितंच उभी ऱ्हायले, घरला जाऊन काय करू? दुसऱ्या दिवशी ती लेकीकडं तामलवाडीला निघून गेली.

पण पुढं हिरवी आंबली. मग पिवळी. मथुराबाईच्या कढईवर नवा माणूस बसवला, तर लालही पुन्हा आंबली! मी चिडून सगळंच बदललं. लाकडं नवी, टोपल्या नव्या, कढया चिंचेनं घासल्या, म्हशीचं दूध निराळं केलं. एक दिवस खवा उत्तम पोचला. मी गावात पेढे वाटले. लगेच पुढची खेप आंबली. आता त्या एका दिवशी कशानं बरं झालं होतं, तेही कळेना. एका वेळी एकच बदला असं तू लिहिलं होतंस, हे तुझी आई मला दर जेवणाला ऐकवते.

नवरात्र तोंडावर आलं.

तुझा हैराण
बाबा

॥ श्री ॥
ईट
१५ सप्टेंबर १९६४

चि. शामूस आईचा पोटभर आशीर्वाद.

हे पत्र त्यांना न सांगता लिहिते आहे. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि तूर निवडायचं निमित्त करून रोज भट्टीपाशी बसले. बिघाड कुठं होतो ते मला दिसलं.

तुझे बाबा भूमला कामाला गेले, की भट्टीवर सगळं निवांत असतं. कढई उतरवतात, खवा परातीत पसरतात, चहा पितात. खवा गार झाला की टोपलीत भरून दुपारच्या गाडीला देतात. तो आंबत नाही. मधे एक दिवस खवा उत्तम पोचला, तेव्हाही हे भूमलाच होते. पण बाबा हजर असले, की वेशीत सकाळच्या गाडीचा हॉर्न वाजतो आणि यांच्या अंगात येतं. चला, भरा, उचला, गाडी चुकंल! वाफाळता खवा टोपलीत थापतात, वर पळसाची पानं, वर ओलं फडकं. मी एक पान उचलून पाहिलं. आत नुसता पाण्याचा घाम. मग तुळजापूरपर्यंत तो उकडत जाणार, दुसरं काय?

मी सांगितलं तर म्हणतील, तुला कारभारातलं काय कळतं. तू सांग. तुझ्याकडं कारखान्याच्या नोकरीचा कागद आहे, तुझं ऐकतील. पण जपून, गं. रागापेक्षा त्यांचं गप्प बसणं मला सोसत नाही.

मथुराबाईशिवाय भट्टी उघडीबोडकी वाटते.

तुझी,
आई

॥ श्री ॥
पिंपरी
१९ सप्टेंबर १९६४

तीर्थरूप बाबांस नमस्कार.

गणितात नुसतं उत्तर लिहिलं की तुम्ही शून्य द्यायचात. पायऱ्या दाखव म्हणायचात. आता तुम्ही पायऱ्या दाखवा. फळ्यावर धारेपासून गाडीपर्यंत सगळं ओळीनं लिहा, आणि प्रत्येक कामापुढं तिथं उभं कोण असतं ते. हुकूम देणारासुद्धा. कुणालाही वगळायचं नाही, चेअरमनलाही नाही.

मग काही दिवस एकच बदल करून पाहा: खवा पूर्ण गार झाल्याशिवाय टोपलीत भरायचा नाही. बाकी लाकूड, दूध, माणसं जशीच्या तशी.

रागावलात तरी पत्र लिहाच. माझा जीव तिकडं लागला आहे.

तुमची,
शामला

॥ श्री ॥
ईट
४ ऑक्टोबर १९६४

चि. शामलास बाबांचे आशीर्वाद, या खेपेला बिनशर्त.

रविवारी रिकाम्या शाळेत फळ्यावर लिहिलं. धार, गाळणं, आटवणं, कढई उतरवणं. टोपली भरणं, यापुढं धोंडीबा, दगडाबाई, सगळ्यांची नावं लिहिली. मग हुकूम कुणाचा? बारीक अक्षरात माझं लिहिलं. पुसलं. मग मुकाट्यानं मोठ्या अक्षरात लिहिलं. मग मुलांच्या बाकावर बसलो. मुलांना उभं करायचो तसं मला कुणी उभं केलं असतं तर बरं वाटलं असतं.

तू सांगितलास तेवढाच बदल केला. त्यानंतर एकही टोपली आंबली नाही. महालिंगप्पानं नवरात्राचा सगळा माल आपल्याकडंच दिला आहे. पण ते कळायच्या आधीच मी तामलवाडीला जाऊन आलो. मथुराबाईला म्हणालो, बाई, चूक माझी होती, चला. ती म्हणाली, हितं कशाला सांगता मास्तर? जितं मला घरला बसवली, तितं सांगा. सांगितलं. भट्टीवर पंच, धोंडीबा, दगडाबाई, सगळ्यांसमोर सांगितलं. तुझी आई पदर डोळ्याला लावून हसत होती.

मथुराबाईनं एक अट घातली. भट्टीभोवती राखेची रेघ ओढली. खवा गार होईपर्यंत चेअरमननं रेघेच्या बाहेर उभं राहायचं. ठराव एकमतानं पास झाला, माझ्या मताची वाट न पाहता.

काल सकाळी वेशीत हॉर्न वाजला. माझं तोंड उघडलं. मथुराबाईनं मागं न बघता नुसतं उलथनं वर केलं. मी तोंड मिटलं. गाडी गेली. परातीतला खवा सावकाश गार होत राहिला, आणि मलाही एक कप चहा मिळाला.

माया करतेस, तशीच करत राहा.
तुझा,
बाबा, रेघेच्या बाहेरून