दिवाळीपर्यंत भागेल अशी हातोडी

चाकण,
सप्टेंबर १९५६

प्रिय दुर्गे,

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. रोज म्हणायची, आज लिहू, आणि रोज संध्याकाळी दुकानाच्या फळ्या लावून झाल्या की हात उचलवत नसे. आज बाजार नाही, गिऱ्हाईक नाही, ह्यांना पेज भरवून झाली आणि डोळा लागलाय. आमची पोर सलिमा शाळेतून यायला अवकाश आहे. तेव्हा गल्ल्यावर बसून लिहिते आहे. एक सांगते, हे पत्र तू एकटी असताना वाच. तुझ्या सासूबाईंना आलेलं पत्र मोठ्यानं वाचून दाखवायची तुझी सवय मला ठाऊक आहे. अंबूबाईंना नंतर काय सांगायचं ते तू ठरव.

तू विचारलंस की घरात आणि शेतावर डागडुजीला स्वस्तातली हत्यारं चालतील का. गोठ्याचं दार बिजागरीतून निखळलंय, नांगराचे बोल्ट सैल झालेत, मोटेच्या चाकाचा कणा झिजत चाललाय, आणि चऱ्होलीचा सुतार आज येतो उद्या येतो करत महिना घालवतो, असं लिहिलंस. पिंपरीच्या बाजारात म्हणे हातोडी, पकड, पाना, पेचकस असा जुडगाच थैलीत घालून अगदी स्वस्तात मिळतो, शेजारणीनं आणलाय. आणि खाली हिंदुरावांबद्दल लिहिलंस, "हे कारखान्यातून दिवाळीला येतील, मग बघतीलच सगळं. तोवर भागलं म्हणजे झालं." मी दुकानदारीण आहे, दुर्गे. सरळ विचारलंस तर सरळ उत्तर द्यायला हवं. पण हे उत्तर मला सरळ देता येईना, म्हणून आधी इकडचंच सांगते.

ह्यांचं तसंच आहे. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण आता सगळं गावच 'बरकतमियाँ कसे आहेत' म्हणून मला विचारतं, तर मी कशाला लाजू. माघ महिन्यात सकाळी दुकान उघडताना हातातली फळी सुटली. मला वाटलं, निसटली. बघते तर हे उंबऱ्यावर बसलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि उजवा हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा मांडीवर पडलेला. पुण्याला नेलं, महिनाभर ठेवलं, परत आणलं. बोलणं गेलं ते गेलंच. डावा हात तेवढा चांगला आहे. लोक म्हणाले, दुकान विकून टाका, बाईमाणसाला खिळेमोळे काय कळणार. दीरही म्हणाले. मी काही शूर नव्हे. दुकान विकून मग करायचं काय, एवढंच मला सुचेना, म्हणून दुसऱ्या दिवशी फळ्या काढून बसले.

मला खरंच काही कळत नव्हतं. नग मोजायचा आणि द्यायचा. अशात वाकीचे आबाजी मीच विकलेला एक पाना घेऊन आले. तू ओळखतेस त्यांना, उसाचं गुऱ्हाळ आहे, आपल्या लहानपणी काकवी द्यायचे ते. पाना त्यांनी माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "जमिलाबाई, ह्याचं त्वांड बघा. बोल्ट जागचा हालला न्हाई, पन ह्यो फाकला." मग दुसरा हात पुढं केला. चरकाचा बोल्ट काढताना पाना घसरला आणि बोटांची सालटी पार हाडापर्यंत गेली होती. जखमेवर हळद भरलेली. मी रडकुंडीला आले. म्हटलं, बाबा, पैसे परत घ्या. तर म्हातारा म्हणाला, "पैशाचं काय घिऊन बसलीस. दुसऱ्याला दिऊ नगंस म्हंजी झालं." माझ्यावर ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी मी दुकानातली सगळी हत्यारं टोपलीत भरून आत ह्यांच्या खाटेजवळ नेली. एकेक डाव्या हातात द्यायची. हातोडी दिली की हे ती तोलायचे, डोळे मिटायचे, आणि मग एकतर खाटेवर अलगद ठेवायचे, नाहीतर जमिनीवर सोडून द्यायचे. बोलता येत नाही, पण खाली टाकताना तोंडावर असा काही तिटकारा यायचा की मला हसू आलं. किती दिवसांनी हसले असेन. जमिनीवर मोठा ढीग झाला, खाटेवर लहान. मग मी दोन्हीकडचं एकेक घेऊन बघत बसले, फरक काय म्हणून. हळूहळू कळायला लागलं. खराब हातोडीचं तोंड कानशीनं सहज खरवडतं, लोणी असावं तसं. नाहीतर उलट, इतकं कडक की चार घावांत टवका उडतो. माझ्या भिवईवर आता एक बारीक खूण आहे, ती तशाच टवक्याची. बोटभर खाली लागला असता तर हे पत्र कुणाकडून तरी लिहून घ्यावं लागलं असतं.

तर स्वस्तातलं अगदीच घेऊ नये असं नाही. घमेलं घे, मोडलं तर मोडलं, कुणाला दुखापत होत नाही. दोरी ताणायला, रंग ढवळायला, डब्याचं झाकण उचकटायला पेचकस स्वस्तातला चालतो. वर्षातून एकदा लागणारी करवत असेल तर शेजाऱ्याची मागावी, तीही चालते. खुरपं आणि विळा थैलीतला घेऊच नकोस, आपला लोहार बरा, धार गेली तर त्याच्या दारात जाता येतं. पण ज्यावर आपण अंगाचा भार टाकतो, पाना, पहार, पटाशी, आणि जी आपण डोळ्यासमोर उगारतो ती हातोडी, ही स्वस्तात घेणं म्हणजे आपला हात, आपला डोळा स्वस्त धरणं. देहूरोडच्या डेपोतून लिलावात निघालेला जुना लष्करी माल कधी कधी येतो. गंजलेला, ओबडधोबड, बघून कुणाला घ्यावासा वाटत नाही. पण रॉकेलमध्ये एक दिवस बुडवून ठेवला आणि घासला की आतून निघतं ते लोखंड पिढीभर जातं. हे ज्याला ठाऊक, तो मुकाट्यानं तेच उचलतो.

दमले आहे गं मी. हे कुणाला सांगता येत नाही म्हणून तुला सांगते. सकाळी ह्यांचं सगळं करायचं, मग दुकान, मग पुन्हा ह्यांचं. पाठ दुखते, आणि दुखते म्हणायलाही वेळ नसतो. दुपारी कुणी अर्धा पाव खिळे मागितले की उठताना वाटतं, आता ह्या जन्मात पुन्हा बसायला मिळायचं नाही. तुझंही असंच असणार. पत्रात तू कुठं म्हटलं नाहीस, पण तुझं अक्षर मी ओळखते. शाळेत आपण किल्ल्याच्या खंदकात चिंचा खायला पळायचो, तेव्हा मास्तरांना खोटी चिठ्ठी तूच लिहायचीस, कारण तुझं अक्षर मोठ्या माणसासारखं घोटीव होतं. ह्या पत्रातल्या ओळी उतरत्या आहेत. मोट हाकून आल्यावर लिहिलंस ना? आणि एवढ्याशा पत्रात 'हे येतील' तीनदा आलंय. आखाडीला येणार होते, नाही आले, ओव्हरटाइम होता. पोळ्याला येणार होते, शिफ्ट बदलली. आता दिवाळी.

पिंपरीला मी गेल्या आठवड्यात गेले होते. माल संपला होता आणि दीर काही जाईनात. सलिमाला ह्यांच्याजवळ बसवलं, भोसरीपर्यंत एस.टी.नं आणि पुढं टांग्यानं. निर्वासितांच्या कॅम्पात एक सिंधी व्यापारी आहे, हे त्याच्याकडूनच माल भरायचे. भला माणूस, ह्यांचं ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला बाकावर बसवून चहा मागवला. तेवढ्यात पुढच्या बाजूला एक गिऱ्हाईक आलं. पाठमोरा माणूस, कारखान्याची खाकी चड्डी आणि सदरा, बरोबर एक बाई, पदराखाली तान्हं. व्यापाऱ्याच्या माणसानं त्याच्यापुढं दोन हातोड्या ठेवल्या, एक थैलीतली, एक चांगली. चांगलीची किंमत ऐकून बाई म्हणाली, अहो, स्वस्तातली घ्या की, एवढ्या दोन बिजागऱ्या तर ठोकायच्यात. तर तो माणूस म्हणाला, "नको. घर आहे. कायमचं लागणार." आवाज ओळखीचा वाटून मी मान वर केली. दुर्गे, ते हिंदुराव होते.

त्यांनीही मला बघितलं. बाईला पुढं पाठवलं आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले, चपलेच्या अंगठ्याकडं बघत. म्हणाले, "आपा, घरी कळवू नका. मीच सांगीन." मी विचारलं, कधी? त्यांनी हातोडी ह्या हातातून त्या हातात घेतली. मी विचारलं, दुर्गेचं काय, तुमच्या आईचं काय? तर म्हणाले, "शेत तिनंच करावं. मी हिस्सा मागणार न्हाई. आईला तिच्यावाचून करमत न्हाई, तिला सांभाळील ती." जसं काही तुला दान देत होते. मला खूप काही बोलायचं होतं. वाटेत टांग्यात सगळं सुचलं. तिथं मात्र एवढंच म्हटलं की तुम्ही सांगणार नाही, हिंदुराव, मला माहीत आहे. ते मान खाली घालून गेले. घरी आले तर तुझं पत्र फळीच्या फटीतून आत टाकलेलं होतं, आणि त्यात तू दिवाळीपर्यंत भागेल अशी हातोडी मागितली होतीस. ते सांगतील म्हणून मी वाट बघितली असती, तर तू दिवाळीला फराळाचं करून दाराकडं डोळे लावून बसली असतीस, मग संक्रांतीला, मग शिमग्याला, आणि मधल्या काळात त्या थैलीतल्या पान्यानं तुझा हात सोलून काढला असता. ते मला बघवलं नसतं. म्हणून लिहिलं. ह्यांना खाटेजवळ बसून सगळं सांगितलं आणि विचारलं, तिला कळवू का? ह्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि होकाराची मान हलवून मगच सोडलं. आता तू रड, जेवू नकोस एक दिवस, मला शिव्या दे हवं तर. पण त्या शेजारणीची थैली आणू नकोस. बाजाराच्या दिवशी गाडी जुंपून इकडं ये, अंबूबाईंना घेऊन आलीस तरी चालेल, ह्यांच्या खाटेशेजारी त्यांना बसवू. पाना, पटाशी आणि पहार मी तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे, ह्यांनी हातात धरून पसंत केलेली. गोठ्याचं दार आपण दोघी मिळून बसवू, मला येतं आता. हातोडीचं नुसतं डोकं ठेवलंय, दांडा अजून घातला नाही. बाजारातले दांडे पुरुषांच्या हाताचे असतात. तुझा हात बघितल्याशिवाय मला तो तासता यायचा नाही.

वाट बघणारी, तुझीच
जमिला