येताना हाक मारत या

प्रिय डॅडी,

तुमची डार्ला इथे वायोमिंगमध्ये सुखरूप आहे, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका. गुडघा कसा आहे? कानातलं यंत्र वापरता, की अजून कपाटातच पडलंय?

शेजारी चोरी झाली तेव्हा तुमच्या जावयाने, वेंडेलने, मला पिस्तूल घेऊन दिलं. मक्याचा पाव भाजतानाही ते कमरेलाच असतं. शेजारची बर्निस म्हणते, "अगं, माझं पिस्तूल कमरेला नसलं की मला अंगावर कपडेच नसल्यासारखं होतं!" मलाही आता तसंच होतं. फक्त पूर्वी छपरावर खार पळाली की खार वाटायची, आता माणूस वाटतो.

रविवारी वेंडेल कामावरून लवकर आला, तोही मागच्या दाराने. मी पिस्तूल रोखलं. तो हसला, "वा, तयार झालीस की!" पण तेव्हापासून फाटकातूनच ओरडत येतो, "मी आहे गं, मी!"

थँक्सगिव्हिंगच्या सणाला नक्की या. पण नेहमीसारखं मागच्या दाराने गुपचूप येऊन माझे डोळे झाकायचे नाहीत. आणि कानात यंत्र घालूनच या, डॅडी. मी "कोण आहे?" एकदाच विचारते.

तुमची वाट बघणारी,
डार्ला