पलंगपोसाची मागची बाजू

९ मार्च, रविवार

प्रिय ताई,

तीन वर्षांत पत्र नाही, फोन नाही. माफी मागत बसले तर कागद तिथंच संपेल, म्हणून एका ओळीत मागते: माझं चुकलं. काय चुकलं ते पुढं येईल. लगेच लिहायचा धीर नाही.

आम्ही बरे आहोत. ह्यांचा गुडघा कुरकुरतो. तुझी भाची माझ्यापेक्षा दोन बोटं उंच झाली आणि मला वरून सल्ले देते.

काल संग्रहालयात गेले होते. महिन्यातून एकदा तिथं आठ जणांना आतल्या खोलीत नेतात आणि कपाटातली वस्त्रं टेबलावर मांडून जवळून दाखवतात. मध्ये काच नाही. अंगठ्या काढायच्या, पेनं बाहेर ठेवायची, हात पाठीमागं. शिक्षा झालेल्या वर्गासारखे उभे होतो. पण नाकापासून वीतभर अंतरावर दोनशे वर्षांपूर्वीचं एका बाळाचं अंगडं होतं, ताई. खांद्याशी तीनदा उसवून मोठं केलेलं. जुन्या टाक्यांची भोकं अजून दिसतात. म्हणजे बाळ चांगलं वाढत होतं. मला उगाचच बरं वाटलं.

शेजारी गेल्याच वर्षी विणलेली एक चादर, जुन्या कॅसेटच्या फितींची. आमच्यातले एक म्हातारे शिंपी म्हणाले, "ही पांघरून घोरलं तर उलटं ऐकू यायचं." वस्त्रं सांभाळणाऱ्या बाईसुद्धा हसल्या, आणि त्या काही हसणाऱ्यांतल्या दिसत नाहीत.

मग त्यांनी आईचा पलंगपोस काढला.

तो निघणार हे मला ठाऊक होतं. यादीत वाचूनच नाव दिलं होतं. निळ्या वेली आहेत तशाच आहेत, रंग तसूभर उतरलेला नाही. शेजारच्या कार्डावर, तो संग्रहालयाला देताना मी अर्जात लिहिलेली ओळ होती: 'संपूर्ण भरतकाम एकाच हातचं.'

बाईंनी तो अलगद उलटा केला. तीन भाग मागूनही पुढच्यासारखेच स्वच्छ. खालच्या कोपऱ्यात मात्र गाठी. वाटाण्याएवढ्या. मी मोजल्या, सतरा.

"इथं हात बदललाय," बाई म्हणाल्या. "पुढून काही कळत नाही."

"पुढून सगळेच शहाणे," शिंपीबाबा म्हणाले. "अस्तर उसवल्याशिवाय शिंपी कळत नसतो."

आई म्हणायची, गाठ मारणं हा आळस, दोरा टाक्यांखालून फिरवून जिरवावा. आणि तू म्हणायचीस, गाठ नसली तर मला झोप लागत नाही. ते आठवलं आणि मी त्या शांत खोलीत मोठ्यानं हसले. बाईंनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, "या माझ्या ताईच्या गाठी आहेत."

"मग कार्डावर ताई कुठं आहे?"

आता लिहिते. आईची नजर गेल्यावर तो कोपरा तू पूर्ण केलास, हे तीन वर्षांपूर्वी मी तो अर्ज भरताना तू सांगितलंस तेव्हा मी म्हणाले होते, मला असलं काही आठवत नाही. तू म्हणालीस, "नाव नको मला, फक्त हो म्हण." मी नाही म्हटलं. ताई, मला आठवत होतं. पूर्ण आठवत होतं. दुपारी खिडकीपाशी बसून तुला सुया ओवून मीच देत होते.

खोटं का बोलले, हे डायरीत अनेकदा लिहून खोडलं. आईची एक तरी वस्तू पूर्ण तिचीच असावी, असं कारण मी स्वतःला देत आले. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की त्यात आईचे टाके आहेत, तुझे आहेत, माझा एकही नाही.

काल त्या गाठी पाहताना मात्र हेवा वाटला नाही. इतका आनंद झाला की घरी चालत आले, दोन थांबे मागे टाकून.

पुढच्या महिन्यात दोन जागा सांगून ठेवल्या आहेत. अंगठी घरी ठेवून ये.

हो, ताई.

तुझी,
सुया ओवणारी

उद्याचं काम: कार्ड बदला असं संग्रहालयाला लेखी कळवणे, हात दोन.