शुगर लँडमधला वन्स मोअर

शुगर लँड, टेक्सास
शनिवार दुपार (बाहेर बघवत नाही असं ऊन)

प्रिय जगन्नाथ,

तुझ्या बुलबुलतरंगाचं डावीकडून चौथं बटण आठवतं का? ते एकदा दाबलं की वर यायचंच नाही, आणि सूर हट्टी पोरासारखा लोळत लोळत पुढच्या सुरापर्यंत जायचा. स्नेहसंमेलनात तू ते वाजवलंस तेव्हा वेदपाठक गुरुजींनी डोळे मिटले होते, ते आनंदाने की सहन न होऊन, यावर आपला वाद अजून मिटलेला नाही. तर तोच आवाज मला परवा, म्हणजे गेल्या वर्षी, इथे जावयाच्या गॅरेजमध्ये ऐकू आला. मी हातातली कपबशी खाली ठेवली. राजेश म्हणाला, बाबा, ही पेडल स्टील गिटार, आडवी ठेवून वाजवतात. मी म्हणालो, नाही, हा आमचा जगू.

तुला अनेक आशीर्वाद (मी तुझ्याहून अडीच महिन्यांनी मोठा आहे आणि तो हक्क सोडणार नाही), वहिनींना नमस्कार. गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात पहिल्या पानावर उजवा दुखत होता आणि दुसऱ्या पानावर डावा. एकदा काय ते नक्की कर म्हणजे इकडून पट्टा पाठवायला बरं. फोनवरच विचारलं असतं, पण तू फोन सुनेच्या हवाली केला आहेस, आणि तिच्यापाशी मला हे सगळं बोलता येण्यासारखं नाही. माझं म्हणशील तर प्रकृती ठणठणीत आहे. अब्रूचं तेवढं बरं नाही.

मालिनी गेल्यावर एकट्या बापाला तिथे ठेवायला नको म्हणून उल्काने मला इकडे आणलं, हे तुला ठाऊक आहे. जावई नागपूरचा, तेलाच्या कंपनीत इंजिनिअर, स्वभावाने सज्जन, पण पहिलं वर्षभर आमच्यात दोनच विषय होते: बाहेरचं तापमान आणि आतलं तापमान. (आत इतकं थंड ठेवतात की मी टेक्सासमध्ये माकडटोपी घालतो.) मग एका शनिवारी तो दुपारी गॅरेजमध्ये जाऊन बसला आणि मीही मागोमाग गेलो. या घरात मोटार बाहेर उन्हात तापते आणि गॅरेजमध्ये गारव्याला तबकड्या राहतात. काळ्या, गोल, आपल्या लहानपणीच्याच, फक्त आता त्या तरुणांच्या झाल्या आहेत. त्या दिवसापासून दर शनिवारी दुपारी सासरा आणि जावई दोन घडीच्या खुर्च्यांवर बसून अमेरिकेतली दुःखं ऐकू लागलो. जगू, खोटं कशाला सांगू, आठवड्यातले बाकीचे दिवस मी त्या दुपारसाठी ढकलत होतो.

या संगीताला ऑल्ट-कंट्री म्हणतात. खेड्यातलं गाणं शहरात शिकायला आलं, तिथे त्याची संगत बिघडली आणि आता त्याला गावीही जाता येत नाही, अशी त्याची एकंदर जन्मकथा. यातल्या कवितांची रचना मला पहिल्याच दिवशी कळली. पहिल्या कडव्यात हवामान, दुसऱ्यात कोणीतरी घर सोडून जातं, तिसऱ्यात राहिलेला माणूस पेट्रोल भरतो. पेकन काउंटी ऑर्फन्स नावाची एक मंडळी आहे (अनाथ म्हणवतात, पण पाचही जणांचे आईवडील हयात आहेत, मी राजेशला चौकशी करायला लावली). त्यांचा पहिला अल्बम गोठ्यात ध्वनिमुद्रित झाला आणि चौथ्या गाण्यात मागे गाय हंबरते. राजेश मला ती गाय पुन्हा पुन्हा ऐकवतो. म्हणतो, बाबा, हा अस्सलपणा आहे. मी म्हणालो, गाय सुरात आहे, गायकाचं पाहा. दुसऱ्या प्रकाराला इंडी रॉक म्हणतात. त्यातली माणसं घर सोडून जात नाहीत, खोलीतच बसतात. त्यात सॉरी, ग्रॅहम असं नाव असलेला एक बँड आहे. गायक गालात सुपारी धरल्यासारखा गातो, शब्द कळत नाहीत, म्हणून तो खोल समजला जातो. ग्रॅहम कोण आणि त्याची माफी कशाबद्दल, हे तीन अल्बम झाले तरी उघड झालेलं नाही.

इथे माझा आणि राजेशचा पहिला मतभेद झाला. मला त्यांचा तिसरा अल्बम आवडला. छान व्हायोलिनं आहेत, शब्दही थोडे ऐकू येतात. हे मी मोठ्याने बोललो, तर राजेशने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवघरात चपला घालून गेलो. या संप्रदायाचा नियम असा आहे की पहिला अल्बम थोर, दुसरा बरा, आणि तिसऱ्यात त्यांना लोक ओळखू लागले म्हणून तो टाकाऊ. मला लगेच अण्णांची मिसळ आठवली. दुकानाला पाटी नव्हती तोवर आपण गावभर कौतुक करायचो, आणि पाटी रंगवली त्या दिवशी तूच म्हणालास की रश्श्यात पूर्वीची गोष्ट नाही. (रस्सा आदल्या दिवशीचाच होता.) वेदपाठक गुरुजींचंही तेच. त्यांच्या मते मराठी कविता त्यांच्या मॅट्रिकच्या वर्षी संपली. हे मी राजेशला सांगितल्यावर तो हसला, आणि त्याने मला सासरा समजणं कमी केलं असं मला वाटतं.

या सगळ्यांत माझा लाडका हॉलिस पेटीबोन. उंच, वाकलेला, पन्नाशीचा माणूस, आवाज जात्यातून निघाल्यासारखा. त्याच्या एका गाण्यात बायको निघून गेलेली आहे आणि मागचं जाळीचं दार वाऱ्याने आपटतं, एवढाच मजकूर. बाकी काही नाही. पेट्रोलसुद्धा नाही. मी ते ऐकून गॅरेजमध्येच बोटांवर अक्षरं मोजली आणि उडालो, जगू, तो चक्क अभंग निघाला. मी लगेच मराठी केलं:

जाळीचे ते दार । वाऱ्याने वाजते ।
वाटते ती येते । येत नाही ॥

राजेशने ते फोनवर उतरवून घेतलं. नागपूरच्या माणसाने मिरजकराची कविता उतरवून घेतली, ही गोष्ट लहान नाही.

आता संकटाकडे येतो. या गायकांना मोठी सभागृहं भरेनाशी झाली की ते चाहत्यांच्या दिवाणखान्यात येऊन गातात. एकटा माणूस, एक गिटार, माइक नाही. आपल्याकडची घरगुती मैफलच, फक्त पानसुपारी नाही. राजेशने महिनोन् महिने पत्रव्यवहार करून हॉलिसला आमच्या घरी आणलं. गेल्या शनिवारी संध्याकाळी सोफे मागच्या अंगणात गेले, उल्काने चिवडा केला, दाढीवाली मंडळी आपापल्या उशा घेऊन आली आणि जमिनीवर बसली. राजेशने मला बाजूला घेऊन सांगितलं, बाबा, गाणं चालू असताना बोलायचं नाही, दाद द्यायची नाही, मान जरा हळू हलवा, संपल्यावर टाळ्या. मी शब्द दिला. तू साक्षी आहेस, मी दिलेला शब्द मोडत नाही. आणि मी मोडलाही नाही, हे पुढे ध्यानात ठेव.

आधी कॉफी झाली. राजेशने माझी ओळख करून दिली, माय फादर-इन-लॉ, ही नोज एव्हरी सॉंग, असं काहीसं. त्याच्या आवाजात अभिमान होता. मी ह्यूस्टनच्या विमानतळावर उतरल्यापासून तसा आवाज ऐकला नव्हता. त्या भरात मी हॉलिसशी पेडल स्टीलबद्दल चार गोष्टी बोललो (त्यातल्या एका गोष्टीबद्दल खाली ता. क. पाहा). तो भला माणूस मान हलवत ऐकत होता.

मग गाणं सुरू झालं. सगळे आपल्याच पायमोज्यांकडे बघत बसले होते. तेराव्याला आल्यासारखे. पाच-सहा गाणी झाली, मी हूं की चूं केलं नाही. मग जाळीचं दार आलं. संपलं. कोणी टाळी वाजवीना, कारण फार चांगलं झालं की इथे गप्प बसतात. आता तूच सांग, गाणं संपलेलं होतं, बोलायची बंदी उठलेली होती, आणि आपण दोघं सांगलीच्या नाट्यगृहात पिटातल्या बाकावर वाढलेले. मी म्हणालो, वन्स मोअर.

हॉलिसने वर पाहिलं. सर? म्हणाला. मी पुन्हा म्हणालो, वन्स मोअर. इंग्रजी शब्द आहेत, त्याला कळले. त्याने पुन्हा गायलं. पहिल्यापेक्षा बरं गायलं. मी पुन्हा वन्स मोअर दिला. दाढ्या माझ्याकडे वळल्या. उल्का स्वयंपाकघराच्या दारातून डोळ्यांनी मला खाली बसवत होती (मी बसलेलोच होतो). तिसऱ्यांदा त्याने इतकं हळू गायलं की दार आपटण्याआधीचा वारासुद्धा ऐकू आला. आमच्या मिरजेच्या घराचं मागचं दारही जाळीचंच होतं. भाजीची पिशवी दोन्ही हातांत असली की मालिनी ते पायाने ढकलायची, आणि ते तिच्या मागे दोनदा आपटायचं. तेव्हा तिसरा वन्स मोअर मी का दिला, ते तुला वेगळं सांगायला नको. बाकीच्यांना सांगून काही उपयोग नव्हता.

चौथ्यांदा तो निम्म्यावर थांबला. गिटार पेटीत ठेवली, कोणाकडे न बघता स्वयंपाकघरातून बाहेर पडला, आपल्या व्हॅनमध्ये बसला आणि गेला. ज्या पहिल्या अल्बमसाठी ती मंडळी दोनदोन तास गाडी हाकत आली होती, त्यातलं एकही गाणं झालं नव्हतं. एका दाढीने जाताना आपली उशी माझ्यासमोर अशी झटकली की मला कळावं.

सगळे गेल्यावर राजेश म्हणाला, बाबा, यार, काय केलंत हे. (जावई सासऱ्याला यार म्हणाला. इतकी जवळीक आमच्यात कधी नव्हती. दुर्दैवाने ती भांडणात आली.) मी त्याला परंपरा समजावली. आपल्याकडे मेलेला नायक वन्स मोअर मिळाला की उठून गायचा आणि पुन्हा मरायचा, कोणाचं काही बिघडायचं नाही. तो म्हणाला, बाबा, हा माणूस खरा आहे. दुसऱ्या दिवशी बातमी आली की हॉलिसने पुढचे दोन कार्यक्रम कॅन्सल केले. आता इंटरनेटवर शुगर लँडच्या म्हाताऱ्याबद्दल लोक लिहीत आहेत. उल्काने मला ते वाचू दिलं नाही, म्हणजे चांगलं नसावं.

तेव्हापासून राजेश माझ्याशी बोललेला नाही. ताट वाढलंय हे तो उल्काला सांगतो, उल्का मला सांगते, आणि आम्ही तिघं एकाच टेबलावर असतो. आज शनिवार. गॅरेजचं दार आतून बंद आहे. तिथून ऑर्फन्सची गाय ऐकू येतेय, आणि माझी घडीची खुर्ची कोणीतरी बाहेर भिंतीला टेकवून ठेवलेली आहे.

उल्काचं निदान असं की बाबा घरी बोअर होतात म्हणून हे होतं. तिने सीनियर डे सेंटरमध्ये माझं नाव घातलंय. सोमवारपासून सकाळी पांढरी व्हॅन येणार. तिथे खुर्चीवरचा योग, बिंगो आणि नाश्त्यानंतर अंताक्षरी असते. शोभनाताई म्हणून चालक बाई आहेत. त्या फोनवर मला म्हणाल्या, काका, आमच्याकडे वयाला शोभेल असंच संगीत लावतात. जगू, मी वयाला शोभेल असं संगीत ऐकून बरीच वर्षं काढली. मला गॅरेज हवं आहे.

असो. पावसाळ्यात ओल्या जिन्यावरून उतरू नकोस. उजवा की डावा, ते कळव.

तुझा,
रवींद्र

ता. क. खरं काम राहिलंच. तुझा बुलबुलतरंग माळ्यावरून काढ, तारा बदलून घे आणि तुझा पुतण्या अनय डिसेंबरात ह्यूस्टनला येतोय त्याच्याबरोबर पाठव. राजेशशी बोलणं सुरू करायचा दुसरा रस्ता मला दिसत नाही. चौथं बटण मात्र दुरुस्त करू नकोस. सगळी करामत त्याच्यातच आहे.

ता. क. २ सोबत तो वाजवायचा कसा, हेही एका कागदावर सविस्तर लिही. त्या संध्याकाळी कॉफी पिताना, स्नेहसंमेलनात तो मी वाजवला होता असं माझ्या तोंडून निघून गेलं, आणि राजेशने ते सगळ्या दाढ्यांना सांगितलं. उल्काचा फोन आला तर तू त्या वर्षी पडदा ओढायला होतास, एवढं लक्षात ठेव.

ता. क. ३ पाकीट चिकटवत होतो, तर खिडकीतून पांढरी व्हॅन दिसली. सोमवारची आजच आली. घर पाहून ठेवते, असं शोभनाताई म्हणाल्याच होत्या. मी वरच्या खोलीत पडदा ओढून बसलोय आणि झोपलोय असं सांगणार आहे. बेल वाजली. गाय बंद झाली. राजेश दार उघडायला गेला.

आता जिन्याखालून हाक आली. बाबा. जगू, राजेशची हाक, आठवड्यानंतर. म्हणतोय, बाबा, खाली या, हॉलिस आलाय, तो म्हणतो चौथ्यांदाचं अर्धं राहिलंय. (म्हणजे पांढरी व्हॅन त्याचीच होती.) खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतोय, दोनपेक्षा जास्त.

निघतो. पण मागून त्या भल्या माणसाचाही आवाज ऐकू आला. तो राजेशला विचारतोय की ते मिरजेचं वाद्य आज ऐकायला मिळेल ना. अनयची वाट पाहू नकोस. कुरियर कर.